ओट्याएवढी गाडी

चैत्र लागल्याचं पंचांगाच्या आधी माझ्या कमरेला कळतं. मग कानाला. आमच्या भागात पाडवा झाला की जत्रांचा हंगाम सुरू होतो. आज या गावची पालखी, उद्या त्या गावचा छबिना, परवा तिसऱ्याच गावच्या कुस्त्या. विंझरकडून वारा आला तर एक ढोल ऐकू येतो आणि नसरापूरकडून आला तर दुसरा. दुपारी पळसाची फुलं तापून निघतात, करवंदं अजून हिरवी असतात, आणि रस्त्यानं माहेरवाशिणी चाललेल्या असतात. पूर्वी त्या चालत आणि गाडीनं जायच्या, मग एसटीनं जायला लागल्या, आता नवऱ्याच्या फटफटीवर मागं बसून जातात. चेहरा मात्र तोच असतो. माहेरी निघालेल्या बाईचा चेहरा मला शंभर पावलांवरून ओळखू येतो.

कामथडी हे माझ्या आईचं माहेर. आईला जाऊन कितीतरी वर्षं झाली, मामाही गेले, पण कामथडीची जत्रा मी चुकवत नाही. तिथे आता मामेभावांच्या सुना आणि त्यांची पोरंबाळं आहेत. त्यांना मी कोण लागते हे त्यांना नीट सांगता येत नाही, पण पुरणपोळी आग्रहानं वाढतात. यंदा मात्र मी जाणार नाही म्हणून हटून बसले. कारण अगदी क्षुल्लक होतं. नातवाच्या गाडीत मला चढता आलं नाही.

निखिल माझ्या धाकट्या मुलाचा मुलगा. पुण्यात असतो. दरवर्षी जत्रेला मला न्यायला येतो. त्याच्याकडे विजेची गाडी आहे, मांजरासारखी आवाज न करता दारात येऊन उभी राहते. गेल्या वर्षी मी तिच्यात छान बसले होते. यंदा बघते तर गाडी टाचा उंचावून उभी. पठ्ठ्यानं मूळची चाकं काढून मोठी बसवली होती. "आज्जी, आपल्या रस्त्यावर खालून घासत होती ना, म्हणून," असं तो म्हणाला. त्याची बायको ऋचा मागून म्हणाली, "काही नाही हो आज्जी, दिसायला भारी म्हणून." मग त्यानंच कबूल केलं की मोठ्या चाकांपासून गाडी एका चार्जिंगमध्ये पूर्वीएवढी लांब जात नाही, आणि वेगाचा काटाही खोटं बोलतो, गाडी पळते जास्त आणि दाखवतो कमी. "म्हणजे हौसेनं तिची दमछाक वाढवलीस की रे," मी म्हटलं.

पाय उचलून बघितला. दाराच्या उंबऱ्यापर्यंत पोचेना. गुडघ्यानं साफ नकार दिला. निखिल पोरगा मायाळू आहे, पटकन पुढे झाला, म्हणाला, "त्यात काय, मी उचलून बसवतो." आणि माझ्या तोंडून खाडकन निघालं, "उचलून ठेवायला मी काय पोतं आहे?"

पोरगं चपापलं. मीही चपापले. कारण ते वाक्य माझं नव्हतंच. ते माझ्या आईचं होतं.

लढाईचे दिवस होते. लढाई कुठे चालली होती ते आमच्या वाडीला ठाऊक नव्हतं, पण रॉकेल मिळत नव्हतं, कापड मिळत नव्हतं, आणि लोहाराकडे लोखंड नव्हतं, त्यावरून ती चालू आहे एवढं कळायचं. विंझरच्या वरच्या अंगाला आमची वाडी. मी आठेक वर्षांची परकरी पोर. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, भाताची शेती करायचे आणि सुगी सरली की भाड्यानं बैलगाडी. आमच्या गाडीची लाकडी चाकं माझ्यापेक्षा उंच होती. त्यांच्या आऱ्यांवर पाय ठेवत आम्ही पोरं वर चढायचो. चाकावर लोखंडी धाव, म्हणजे लोखंडाची जाड पट्टी, ती दगडावरून जाताना असा खडखडाट व्हायचा की आबा खिंडीत असले तरी आई चुलीवर आधण ठेवायची.

त्याच्या काही वर्षं आधी, भाताच्या लावणीत, रोपांचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरून येताना आई घसरून पडली होती. हाडवैद्यानं पाला बांधला, मालीश केलं, ती उठली, चालायलाही लागली, पण डावा खुबा कायमचा धरला. तिला खाली मांडी घालून बसता येईना की पाय उंच उचलता येईना. दारातल्या ओट्यावर तेवढी ती टेकायची. आबांनी चूल उंच मातीच्या कट्ट्यावर नेली. वाडीत तेव्हा उभ्यानं स्वयंपाक कुणी करत नव्हतं. बायका येऊन बघून जायच्या आणि आपसात हसायच्या. आई भाकरी थापत राहायची.

पडल्यानंतरच्या पहिल्या चैत्रात मामा तिला जत्रेला न्यायला गाडी घेऊन आले. गाडी होती आमच्यासारखीच, मोठ्या चाकांची. आबांनी आणि मामांनी मिळून तिला काखेत आणि गुडघ्यात हात घालून उचललं. वाडी गोळा झालेली. कुणीतरी म्हणालं, "सावकाश रं, पोतं उसवंल." त्यात वाईट काही नव्हतं, म्हणणाराही जवळचाच होता. सगळे हसले. मामा हसले, आबाही थोडे हसले. मीसुद्धा हसले असेन, मला आठवत नाही. आई हसली नाही. "खाली ठेवा मला," एवढंच म्हणाली. खाली ठेवल्यावर घरात गेली, गाठोडं सोडलं, लुगडं घडी घालून ठेवून दिलं आणि बाहेर येऊन भावाला म्हणाली, "दादा, उचलून ठेवायला मी काय पोतं न्हाई. म्या माहेरला येईन ती माझी मी चढून आन माझी मी उतरून. न्हाई तर न्हाई."

मामा समजूत घालत बसले. पाट ठेवू, पोत्यांची पायरी करू. आई म्हणाली, "हितं कराल पायरी. वाटंत उतरायचं झालं तर? तितं दारात, समद्या गावासमोर?" मामा एकटेच गेले. पुढच्या चैत्रातही एकटेच गेले, आणि त्याच्या पुढच्याही. ढोल ऐकू आला की आई चुलीपाशी उगाच भांडी हलवत राहायची. तिला रडताना मी पाहिलं नाही. पण त्या दिवसांत भाकरी करपायच्या, एरवी कधी करपायच्या नाहीत.

मग एका पाडव्याच्या आधी मामांचा निरोप आला. तात्यांचं काही खरं नाही. तात्या म्हणजे आईचे वडील. उभ्या जत्रेत ढोल त्यांच्या गळ्यात असायचा, असा माणूस आता खाटेला खिळला होता आणि रोज एकच विचारत होता, गंगू कधी येणार. निरोप आला तेव्हा आई ओट्यावर टेकली होती. मग उठून नांगराच्या फाळासारखी ताठ आत गेली. आबा तिच्या पाठीकडे बघत होते. ते तिला म्हणू शकत होते, आता तरी हट्ट सोड. दुसरा कुणीही म्हणाला असता. आबांनी तसं म्हटलं नाही, आणि त्याबद्दल मला त्यांचं आजही फार कौतुक वाटतं.

दुसऱ्या दिवशी आबांनी जाहीर केलं, "गाडीची धाव झिजली. नवी मिळायची न्हाई, लोखंड समदं लढाईवर गेलं. मोटारीची चाकं बसवतो." आणि गेले कापूरहोळला. तिथल्या एका मिस्त्रीच्या आवारात भोरातल्या कुणा बड्या असामीची मोटार पेट्रोलवाचून पडून होती. तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. घरच्या आंबेमोहराची पोती देऊन आबांनी तिचा मागचा आख आणि दोन चाकं आणली. काळी, बुटकी, माझ्या कमरेएवढी. वाडी पुन्हा गोळा झाली. "काय वो आबा, गाडी बसली का तुमची?" म्हणून चेष्टा झाली.

सुतारकाका आले. त्यांनी आधी जुनं चाक वाजवून बघितलं, धावेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "आरं, ही तर अजून पावसाळं काढंल." आबा त्यांच्यावर खेकसले, "तुमाला काय कराया बोलावलंय?" आई ओट्यावरच टेकली होती. तिनं ऐकलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

आता माप. गाडीचं माप घ्यायचं ते बैलाच्या मानेवरून, ही आमच्याकडची रीत. जू मानेवर सरळ बसलं पाहिजे, मग बाकीची गाडी त्याच्यामागे. सुतारकाका सुतळी घेऊन बैलांकडे निघाले तर आई म्हणाली, "माप हितनं घ्या." दोन्ही पाय जमिनीवर टेकवून ती ओट्यावर बसली होती तशीच बसून राहिली. "माझ्या ओट्याएवढी पायजे गाडी. जास्ती न्हाई."

त्यावरून दिवसभर वाद. आबांचं म्हणणं खरंच होतं, मागचा भाग एवढा खाली घेतला तर दांडी वर उठते, जू गळ्याला येतं, बैलाचा श्वास कोंडतो. "बैलाच्या मानंचं बघू का तुझ्या..." एवढं बोलून ते थांबले. आई म्हणाली, "बैलाचंबी बघा. त्याला न्हाई म्हनत न्हाई म्या." शेवटी सुतारकाकांनी दांडीखाली लाकडाच्या पाचरी ठोकून पुढचा भाग बैलांच्या बेताचा केला आणि मागचा आईच्या. गाडी तयार झाली ती सदा चढावर लागल्यासारखी, तोंड वर आणि ढुंगण खाली. इतकी बेढब गाडी मी पुन्हा पाहिली नाही. आणि इतकी देखणीही नाही.

राहिली हवा. टायरांच्या आतल्या नळ्या केव्हाच फाटल्या होत्या आणि लढाईच्या दिवसांत नव्या कुठून आणणार? मिस्त्री म्हणाला होता, काहीतरी ठासून भरा. आमच्या मावळात ठासून भरायला एकच वस्तू भरपूर असते. भाताचा पेंढा. टायरांच्या चिरा वाडीतल्या चांभारानं कातड्यानं शिवून दिल्या. पेंढा घट्ट बसावा म्हणून पाणी मारून भिजवला, वळकट्या केल्या, मुसळानं आत ठोकल्या. आम्ही सगळे घामाघूम. भाताच्या पेंढ्यात झोडपूनही दाणे राहतात हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण कुणाच्या डोक्यात आलं नाही. भातात जन्म गेलेल्या माणसांनीच करावी अशी ती चूक होती.

निघायच्या दिवशी बायकांनी चाकं पुजली. काळ्या रबरावर कुंकू दिसेना, म्हणून हळदीचा पट्टा ओढला. आई गाडीकडे पाठ करून उभी राहिली, मागे हातानं फळी चाचपली, आणि ओट्यावर बसावी तशी बसली. मग तळहातांवर जोर देऊन मागे सरकली, आधी उजवा पाय आत घेतला, मग डावा पाय दोन्ही हातांनी उचलून. तेवढ्यानं तिच्या कपाळावर घाम आला. पोतं उसवंल म्हणणारे गृहस्थ बैलांची शिंगं बघत होते. "चला की," आई म्हणाली, "का मुहूर्त बघताय?"

त्या प्रवासाचं काय आठवतं, तर आवाज नसणं. लोखंड दगडावर वाजत नव्हतं. नुसती बैलांच्या गळ्यातली घुंगरं, आबांचं टकटक, आणि बांधावरच्या होल्यांचं घुमणं. खडखडाट नाही म्हणून वाटेतल्या गावांना आमची चाहूलच लागत नव्हती. उन्हात मोहाच्या फुलांचा आणि तापलेल्या रबराचा असा एक मिसळलेला वास येत होता. गाडी मागे कललेली, त्यामुळे मी, गाठोडं आणि पुरणाच्या डाळीचं मडकं सारखे आईच्या अंगावर घसरत होतो आणि ती सारखी हसत होती. आईला इतकं हसताना मी त्याआधी बघितलं नव्हतं. निखिलच्या गाडीत पहिल्यांदा बसले तेव्हा ती बिनआवाजाची धाव मला एकदम ओळखीची वाटली होती. त्याला वाटलं म्हातारी घाबरली.

वाटेतल्या कानंदी नदीला चैत्रात पाणी असतं ते घोट्याला लागेल न लागेल. पण गाड्या पार व्हायच्या तिथे खळगा होता, आणि आमची चाकं बुटकी. पाणी थेट फळीवर आलं. आईनं गाठोडं माझ्या डोक्यावर दिलं, मडकं स्वतः छातीशी धरलं, आणि तशीच भिजत बसून राहिली. "उतरू का ढकलायला?" मी विचारलं. "तू बस गं," आबा पुढून म्हणाले, "बैलांना कळतंय." नदी ओलांडली. चाकं पोटभर पाणी प्याली होती, पुढे सारा रस्ता पचपच वाजत राहिली.

कामथडीला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं, ढोल चालू होते. गाडी दारात उभी राहताच मामा धावत आले, सवयीनं दोन्ही हात पुढे करून. आई म्हणाली, "थांब दादा. बघ नुसतं."

आधी डावा पाय हातांनी उचलून बाहेर, मग उजवा. मग तळहात फळीवर. पाय जमिनीला लागले आणि ती उभी राहिली. दारात जमलेल्या बायका, मामी, पोरं, सगळी नुसती बघत राहिली. ती कलत कलत चालत पडवीत गेली. तात्या खाटेवर होते, कानानंही कमी झालेले. त्यांनी तिचा हात चाचपला. पहिला प्रश्न हाच विचारला, "कुणी उतरवलं?"

"कुणी न्हाई."

"आं?"

"कुणी न्हाई, तात्या. माझी मी."

तात्यांनी मान हलवली आणि खाटेवर जरा सरकून तिला जागा केली. "मग बस," म्हणाले. ती बसली. मला तेव्हा त्यात रडण्यासारखं काही वाटलं नव्हतं. आता लिहिताना चष्मा काढून ठेवावा लागला.

दोन दिवस राहून निघायचं ठरलं होतं. पण तात्या हात सोडीनात, म्हणून जत्रा उलगडून गेली तरी आम्ही तिथेच. गाडी आंब्याखाली उभी. आणि एका सकाळी मामांची पोरं ओरडत आली, चाकाला कोंब फुटलेत. जाऊन बघतो तर खरंच, टायरांच्या शिवलेल्या चिरांतून भाताची हिरवीगार पाती बाहेर आलेली. ओल, ऊब आणि पेंढ्यातले दाणे. आणखी काय लागतं? सगळी कामथडी बघायला लोटली. "पाव्हनं, चाकाला पानी कवा देताय?" "औंदा चाकात काय लावलंय, आंबेमोहर का जिरेसाळ?" आबांचं तोंड आंबट झालं होतं. आतला पेंढा कुजून चाकं चपटी पडली होती, वास तर विचारू नका. आईनं मात्र चिरेतून ती रोपं अलगद सोडवली, मुळांसकट, आणि न्हाणीचं पाणी जिथे मुरतं त्या आळ्यात उभ्यानंच काठीनं भोकं पाडून माझ्याकडून लावून घेतली. तात्यांना खाटेवरून तो हिरवा ठिपका दिसायचा. "काय हाय गं त्ये?" ते विचारायचे. "सासरचं भात, तात्या." पुन्हा थोड्या वेळानं विचारायचे. पुन्हा ती सांगायची.

आबांना परतायलाच हवं होतं, राब, म्हणजे भाताची रोपं टाकायच्या जागा, भाजायचे राहिले होते. मामा म्हणाले, "गंगूला म्या पोचवतो माझ्या गाडीतनं." मामांची गाडी, मोठ्या चाकांची. आईनं आबांकडे बघितलं. आबा म्हणाले, "नको. आमची गाडी हितंच ऱ्हाऊ द्या. चाकं वाळली की नेईन. लई भिजल्यात." आणि फक्त बैल घेऊन, कासरा खांद्यावर टाकून, सगळ्या वाटेच्या चेष्टा ऐकत चालत विंझरकडे गेले. गाडीवाला माणूस गाडी सासुरवाडीला ठेवून पायी घरी गेला, ही गोष्ट त्या भागात कितीतरी दिवस पुरली.

चैत्राच्या उन्हात चिंध्या दुपारपर्यंत वाळतात. चाकं वाळायला किती लागतात ते आईला कळत होतं. ती आळ्याशी उभी राहून पाठमोऱ्या आबांकडे ते वळणाआड जाईपर्यंत बघत होती. "खोटारडा," ती म्हणाली, अगदी हळू, जसं कुणी लेकराला म्हणावं.

तात्या वैशाखात गेले. आई उशाशी होती. हात तिच्याच हातात होता. पुढे मिरगाच्या तोंडाला आबा बैल घेऊन आले, बरोबर काथ्याचे दोर होते. ते चाकांत ठासून भरले आणि म्हणाले, "वाळायला येळच लागला." आई म्हणाली, "व्हय. लागनारच." मग पाठ करून बसली, सरकली, पाय आत घेतले. आळ्यातलं भात तेव्हा गुडघाभर झालं होतं.

हे सगळं मी निखिलला सांगितलं नाही. नातवाला रागावल्यावर गोष्ट सांगत बसण्याचा माझा स्वभाव नाही. "जा तुम्ही दोघं," एवढंच म्हटलं आणि ओट्यावर बसले. माझा ओटा आता फरशीचा आहे, पण उंची तीच, मी मुद्दाम ठेवून घेतली. तो माझ्याशेजारी जरा वेळ बसला, उठताना त्यानं माझ्या जमिनीला टेकलेल्या पायांकडे, मग गाडीकडे बघितलं, आणि जत्रेला न जाताच पुण्याला परतला. माझं मला वाईट वाटलं.

काल सकाळी गाडी पुन्हा दारात. आवाज नाहीच, त्यामुळे मी दळण निवडत होते ती निवडतच राहिले. वर बघते तर गाडी खाली बसलेली. जुनी, मूळची चाकं. निखिल उतरला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "आज्जी, ती मोठी चाकं काढून टाकली. बॅटरी फारच लवकर संपायला लागली होती."

"व्हय," मी म्हटलं, "संपनारच."

कामथडीची जत्रा तर उलगडून गेली होती, पण माणसं काही उलगडून जात नाहीत. मी लुगडं बदललं, दाराशी गेले, गाडीकडे पाठ केली आणि मागे हातानं बैठक चाचपली. निखिल सवयीनं हात पुढे करून आला.

"थांब," मी म्हटलं. "बघ नुसतं."